चालत्या सर्व्हरला हात लावावा काय?



गेल्या पंधरवड्यात कुर्ल्याहून एका वाचक बंधूंचे पत्र आले. रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून उभा जन्म राबून ते निवृत्त झाले आहेत. त्यांची धाकटी लेक कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून एका पतसंस्थेत कंत्राटावर लागली. संस्थेचे नाव त्यांनी कळवले आहे, ते येथे देण्याचे कारण नाही. संस्थेच्या मागच्या खोलीत एक सर्व्हर आहे आणि तिन्ही शाखांचा हिशेब त्याच्यावर चालतो. मुलगी म्हणते, या सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम दीड वर्ष अपडेट केलेली नाही, ती करायला हवी. सेक्रेटरी म्हणतात, "चालू आहे ना? मग हात लावू नकोस. बंद पडले तर जबाबदारी तुझी."

बंधू पुढे लिहितात, "मी यंत्रावर काम केलेला माणूस. चालत्या यंत्राला उगाच पाना लावू नये, हे मला माझ्या उस्तादाने पहिल्याच महिन्यात शिकवले. पण पोरगी रात्र रात्र झोपत नाही. तिचे बरोबर की साहेबांचे?"

हा प्रश्न एका घरापुरता नाही. आज आपल्या कितीतरी घरांतली मुलेमुली दवाखान्यात, बँकेत, कॉलेजात, कुठल्यातरी ऑफिसच्या मागच्या खोलीत असल्याच यंत्रापाशी बसलेली आहेत. आणि उरलेले आपण सगळे काउंटरच्या अलीकडे उभे असतो. रेशनच्या दुकानात अंगठा लावताना, मुलांच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना, दाखल्याच्या खिडकीपाशी एकच वाक्य ऐकतो, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." रोजावर जाणाऱ्या माणसाचा उद्या म्हणजे एक खाडा. दर वेळी सर्व्हर पडतो तो अपडेटमुळेच असे नाही. कधी लाइन गेलेली असते, कधी एकाच वेळी फार लोक आत शिरलेले असतात. पण देखभाल नीट न होणे हेही एक कारण आहेच, आणि ते माणसाच्या हातातले आहे. म्हणून आज या सदरात हाच विषय.

सर्व्हर म्हणजे फार निराळे काही नव्हे. तोही कॉम्प्युटरच, फक्त रात्रंदिवस चालू राहणारा आणि एकाच वेळी अनेकांना सेवा देणारा. त्याच्यावर पतसंस्थेचा हिशेबाचा प्रोग्राम चालतो. त्या प्रोग्रामच्या खाली, यंत्र आणि प्रोग्राम यांच्यामध्ये जी पायाभूत व्यवस्था असते ती ऑपरेटिंग सिस्टीम. कोणाला आत घ्यायचे, कोणती फाइल कोणी उघडायची, डिस्कवर कुठे काय लिहायचे, हे सारे ती ठरवते. छोट्या संस्थांत ती बहुधा विंडोजची असते, नाहीतर लिनक्सची. पत्रात कोणती ते लिहिलेले नाही, म्हणून दोन्हींविषयी लिहितो.

आता त्या उस्तादाचे वचन. लोखंडाच्या यंत्राच्या बाबतीत ते खरे आहे, पण येथे ते अर्धेच लागू पडते. लोखंड वापराने झिजते. बेअरिंग सैल होते, आवाज बदलतो, आणि कसलेला फिटर कान देऊन सांगतो की आता हे खोलावे लागेल. प्रोग्राम झिजत नाही. तो दहा वर्षांनीही पहिल्या दिवसासारखाच चालेल. त्याच्यातला दोष वापराने येत नाही, तो पहिल्या दिवसापासून आत असतो. लिनक्सच्या नुसत्या गाभ्यात तीन कोटींहून अधिक ओळी आहेत आणि त्या माणसांनी लिहिलेल्या आहेत. कुठेतरी एखादी कडी लावायची राहून जाते. ती राहिली आहे हे कोणाला ठाऊक नसते तोवर सगळे ठीक चाललेले असते. पुढे एके दिवशी कोणीतरी ती उघडी कडी शोधून काढतो. यंत्र कालच्यासारखेच आजही चालत असते, आवाज बदलत नाही, पण कालपर्यंत सुरक्षित असलेले यंत्र आज उघडे पडलेले असते.

कंपनी मग दुरुस्ती पाठवते. त्याला पॅच म्हणतात, म्हणजे ठिगळ. पण ठिगळ बाहेर पडले की चोरालाही कळते की भोक कुठे होते. ठिगळाआधीचा आणि ठिगळानंतरचा प्रोग्राम शेजारी ठेवून पाहिला की जाणकाराला नेमकी जागा सापडते. म्हणजे दुरुस्ती जाहीर झाली त्या दिवसापासून, ती न लावणाऱ्याचा धोका पूर्वीपेक्षा वाढतो. आमच्या सेक्रेटरी साहेबांच्या ध्यानात येत नाही ती गोष्ट ही. आपण काही केले नाही, म्हणजे सर्व काही होते तसेच राहिले, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात तसे राहिलेले नसते.

याचा सर्वांत मोठा दाखला इंग्लंडचा आहे. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी विंडोजमधल्या एका भोकाची दुरुस्ती जाहीर केली. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या इस्पितळांना ती लावून घ्या असा इशारा मार्चमध्ये गेला, एप्रिलमध्ये पुन्हा गेला. १२ मे रोजी, म्हणजे ५९ दिवसांनी, वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्राम त्याच भोकातून जगभर शिरला. तो फायली कुलूपबंद करी आणि किल्लीसाठी पैसे मागे. इंग्लंडमधल्या २३६ आरोग्य ट्रस्टपैकी किमान ८० ट्रस्टच्या कामात अडथळा आला. रुग्णांच्या सुमारे १९ हजार भेटी रद्द झाल्या असा अंदाज तिथल्या सरकारी हिशेब तपासणीत दिलेला आहे. काही शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या, काही ठिकाणी रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या. दुरुस्ती फुकट होती आणि दोन महिने हाताशी होती. एवढे वाचून कोणी म्हणेल की तिथले लोक आळशी. पण काही ठिकाणी तपासणीची महागडी यंत्रे जुन्या विंडोजवर चालत होती आणि तिथल्या माणसांना त्यांना हात लावायची मुभाच नव्हती. काही ठिकाणी अशीच भीती होती, हात लावला आणि इस्पितळ बंद पडले तर?

ती भीती खोटी नाही, आणि म्हणून सेक्रेटरींना सरसकट दोष देणे मला पटत नाही. १९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवा. त्या दिवशी क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या सुरक्षा प्रोग्रामसाठी एक लहानशी फाइल पाठवली. फाइल सदोष होती. चूक लक्षात येऊन ती मागे घेईपर्यंत ७८ मिनिटे गेली, आणि तेवढ्यात जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून बसले. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. मोठा ताप पुढेच होता. जी यंत्रे सुरूच होत नव्हती त्यांना दुरून दुरुस्ती पाठवता येईना. कोणीतरी यंत्रापाशी जायचे, ते खास पद्धतीने सुरू करायचे, ती फाइल शोधून पुसायची, पुन्हा सुरू करायचे. मग पुढचे यंत्र. हे काम जगभर कोणी केले असेल? आपल्या या बहिणीसारख्याच, कुठल्यातरी मागच्या खोलीत बसणाऱ्या मुलामुलींनी.

हा अपडेट ऑपरेटिंग सिस्टीमचा स्वतःचा नव्हता, तिच्या पोटात बसणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामचा होता. पण धडा तोच. तो एकाच वेळी सर्वांना गेला. आधी शंभर यंत्रांना देऊन तासभर वाट पाहिली असती, तर शंभरच पडली असती. पुढे टप्प्याटप्प्याने पाठवण्याची पद्धत त्या कंपनीनेही पत्करली.

तेव्हा बंधू, आपली लेकही बरोबर आहे आणि तिच्या साहेबांची भीतीही खरी आहे. वाद 'अपडेट करावा की करू नये' हा नाहीच. करायचा कसा, एवढाच प्रश्न आहे. आणि ते आपल्याला माझ्यापेक्षा चांगले कळेल, कारण आपण रेल्वेचे माणूस. रविवारचा मेगाब्लॉक म्हणजे दुसरे काय? रूळ, ओव्हरहेड वायर, सिग्नल चालू असतात, गाड्या धावत असतात, तरी ठरलेल्या दिवशी ठरलेल्या तासांत लाइन बंद ठेवतात. आदल्या दिवशी पेपरात छापून येते. जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवतात. ब्लॉक संपला की लाइन तपासून मगच गाडी सोडतात. मेगाब्लॉकला आपण नाके मुरडतो खरी, पण तो नसता तर मधल्या वारी, भर गर्दीत, न सांगता लाइन बंद पडली असती.

सर्व्हरचा मेगाब्लॉक कसा घ्यायचा, ते आता जरा सविस्तर लिहितो. लेकीला हा मजकूर वाचून दाखवावा. तिला यातले बरेच ठाऊक असेल, पण साहेबांना सांगायला शब्द मिळतील.

पहिले काम अपडेटचे नव्हेच. ते बॅकअपचे, म्हणजे सगळ्या माहितीची दुसरी प्रत काढून ठेवण्याचे. आणि नुसती प्रत काढून भागत नाही, तिच्यावरून पुन्हा सगळे उभे करून पाहावे लागते. कित्येक संस्थांत रोज रात्री बॅकअप होतो, आणि जेव्हा वेळ येते तेव्हा कळते की गेले आठ महिने रिकामी फाइलच कॉपी होत होती. एखादा जुना डेस्कटॉप घ्यावा, त्याच्यावर बॅकअप उतरवावा, आणि एका खातेदाराची शिल्लक जुळते का ते पाहावे. जुळली तर बॅकअप आहे. नाहीतर नाही.

दुसरे, एक प्रत सर्व्हरपासून तोडून ठेवावी. तार काढून, कपाटात. याची गोष्ट न्हावा-शेवाशी जोडलेली आहे म्हणून सांगतो. २७ जून २०१७ रोजी, वॉनाक्रायनंतर सहा आठवड्यांनी, नॉटपेट्या नावाचे दुसरे संकट आले. ते युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या प्रोग्रामच्या अपडेटमध्ये चोरांनी लपवून घातले होते. एकदा एका कार्यालयात शिरले की ते मार्चमध्ये ज्याची दुरुस्ती आली होती त्याच भोकातून, आणि शिवाय चोरलेले पासवर्ड वापरून, यंत्रामागून यंत्र पोखरत जाई. जहाजवाहतुकीतली डेन्मार्कची मोठी कंपनी मेर्स्क त्यात सापडली. तिच्या गटाकडे असलेले आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातले एक टर्मिनलही अडकले. उरणकडच्या ज्या वाचकांची माणसे बंदरावर कामाला आहेत त्यांना ते दिवस आठवत असतील.

मेर्स्कपाशी बॅकअप नव्हता असे नाही. कोणाला आत घ्यायचे याची वही सांभाळणारे त्यांचे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर होते आणि ते एकमेकांची प्रत ठेवत. पण सगळे एकमेकांना जोडलेले, म्हणून सगळे एकदमच पुसले गेले. वाचला एकच, आफ्रिकेतल्या घाना देशातला. कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेलेली होती! त्या एका यंत्रातली डिस्क माणसांकरवी, मध्ये नायजेरियात हात बदलून, विमानाने लंडनला नेली गेली आणि तिच्यावरून सारा डोलारा पुन्हा उभा राहिला. पुढे कंपनीच्या अध्यक्षांनी सांगितले की दहा दिवसांत ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार कॉम्प्युटर नव्याने बसवावे लागले. एवढी श्रीमंत कंपनी लोडशेडिंगमुळे तरली. आपल्या पतसंस्थेने लोडशेडिंगच्या भरवशावर राहू नये, दोन-चार हजारांची बाहेरची डिस्क आणून कपाटात ठेवावी.

यावर कोणी विचारील की अपडेटमधूनच विष येत असेल तर अपडेट घ्यावेत कशाला? प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, जे येईल ते पहिल्या दिवशीच घ्यायचे नसते आणि जे नवे आहे ते सगळेच घ्यायचे नसते. येथे मला डेबियनची पद्धत फार आवडते. डेबियन ही लिनक्सचीच एक मांडणी. इयन मर्डॉक या तरुणाने १९९३ साली ती सुरू केली आणि आजही जगभरचे स्वयंसेवक ती चालवतात. पैसे पडत नाहीत. आपल्या सी-डॅकने तयार केलेली 'बॉस' ही सिस्टीमही डेबियनवरच बेतलेली आहे. डेबियनमध्ये नवा माल तीन दारांतून येतो. पहिल्या दाराचे नावच 'अनस्टेबल', दुसरे 'टेस्टिंग' आणि तिसरे 'स्टेबल'. सर्व्हरसाठी तिसरे. साधारण दोन वर्षांनी एकदा स्टेबलची नवी आवृत्ती निघते. तेरावी आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ ला निघाली. एकदा आवृत्ती निघाली की तिच्यातल्या प्रोग्रामांचे रूप गोठवतात. त्यानंतर नवी सोय नाही, नवा चेहरा नाही, फक्त दुरुस्त्या. एखाद्या प्रोग्रामच्या मूळ लेखकांनी दोष नव्या आवृत्तीत दुरुस्त केला, तर डेबियनवाले सहसा ती सबंध नवी आवृत्ती उचलत नाहीत. तेवढा दुरुस्तीचा तुकडा कापून जुन्यावर शिवतात. आपली आई शर्टाचे कोपर फाटले म्हणून नवा शर्ट आणत नसे, त्याच रंगाचा तुकडा शोधून आतून टाका घाली. तसेच हे. म्हणून 'स्टेबल' म्हणजे हात न लावलेला असा अर्थ नाही. त्याचे वागणे बदलत नाही, असा आहे.

(यात एक अडचण लेकीला येऊ शकते. तपासनीस येतात, आवृत्तीचा जुना आकडा पाहतात आणि दोष आहे असा शेरा मारतात. आकडा जुना असला तरी दुरुस्ती आत शिवलेली असू शकते. डेबियनच्या सुरक्षा सूचनांत प्रत्येक दोषासमोर ते लिहिलेले असते. त्याची छापील प्रत पुढे ठेवावी.)

या तिसऱ्या दाराचा फायदा मार्च २०२४ मध्ये दिसला. एक्सझी नावाचा, फायली आवळून लहान करणारा एक साधा प्रोग्राम बहुतेक लिनक्स यंत्रांवर असतो. एका इसमाने खोटे नाव घेऊन दोन वर्षांहून अधिक काळ त्या प्रोग्रामच्या कामात प्रामाणिकपणे मदत केली, विश्वास मिळवला, आणि मग त्यात चोरदार बसवले. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका इंजिनिअरच्या लक्षात आले की दूरच्या यंत्रात लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो. अर्धा सेकंद! तो खोदत गेला आणि २९ मार्चला सारे उघड झाले. तोवर ते विष डेबियनच्या पहिल्या दोन दारांतून आत आले होते. तिसऱ्यात पोचले नव्हते. ज्यांनी हौसेने सर्व्हरवर सर्वांत ताजे घेतले त्यांना घाम फुटला. स्टेबलवाले झोपले होते, आणि त्यांना झोपणे परवडले.

आता प्रत्यक्ष काम. डेबियन असेल तर 'ॲप्ट अपडेट' ही आज्ञा फक्त यादी ताजी करते, यंत्रात काहीच बदलत नाही. बदल होतो तो 'ॲप्ट अपग्रेड'ने. नवी मुले पहिली आज्ञा देऊन निश्चिंत होतात, म्हणून मुद्दाम लिहिले. अपग्रेड होण्याआधी काय काय बदलणार याची यादी पडद्यावर येते. ती वाचावी. मध्येच यंत्र विचारते की अमुक सेटिंगची फाइल तुम्ही बदललेली आहे, तुमची ठेवू की आमची नवी घालू? घाईत नवी घातली की शाखांची जोडणी तुटते. आपली जुनी ठेवावी आणि फरक नंतर सावकाश पाहावा.

गाभ्याची, म्हणजे कर्नलची दुरुस्ती आली असेल तर सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करावाच लागतो. नाहीतर नवा कर्नल डिस्कवर पडून राहतो आणि चालत असतो तो जुनाच. काहींना आपला सर्व्हर चारशे दिवस बंद केलेला नाही याचा मोठा अभिमान असतो. मला त्यात धोका दिसतो. चारशे दिवस बंद न केलेले यंत्र पुन्हा सुरू होईल की नाही, कोणास ठाऊक? आणि एका रात्री वीज गेली, यूपीएस बसला, की ती परीक्षा आपोआप होते, जवळ कोणी नसताना. त्यापेक्षा महिन्यातून एकदा, माणूस समोर असताना, आपणच बंद करून सुरू करावे. नवा कर्नल चालला नाही तर सुरू होतानाच्या यादीतून जुना निवडता येतो, डेबियन तो लगेच पुसत नाही. मागे फिरायची वाट माहीत असली की हात थरथरत नाही.

विंडोजवाल्यांसाठी वेळापत्रक आयते आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट दुरुस्त्या सोडते. २००३ पासूनची ही रीत आहे. आपल्याकडे तोवर मंगळवारची रात्र झालेली असते. बुधवारी चाचणीच्या यंत्रावर घालावी, तीन-चार दिवस बोभाटा होतो का ते पाहावे, आणि रविवारी खऱ्या सर्व्हरवर. मात्र चोर त्या भोकातून शिरूही लागले आहेत अशी बातमी आली, तर रविवारची वाट पाहू नये. अशा सूचना आपल्या सरकारची सर्ट-इन ही संस्था काढत असते. आठवड्यातून एकदा तरी त्या पाहण्याची सवय लेकीने लावून घ्यावी.

महिन्याची ठिगळे वेगळी आणि सबंध आवृत्ती बदलणे वेगळे. ते घर बदलण्यासारखे आहे, त्याला स्वतंत्र तयारी लागते. डेबियनच्या एका आवृत्तीला सर्व मिळून पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात, पहिली तीन पूर्ण आणि पुढची दोन बेताच्या. अकरावरून थेट तेरावर उडी मारता येत नाही, बाराव्या पायरीवर पाय ठेवावाच लागतो. विंडोज सर्व्हर २०१२ च्या नेहमीच्या दुरुस्त्या १० ऑक्टोबर २०२३ ला थांबल्या, २०१६ च्या आवृत्तीची मुदत १२ जानेवारी २०२७. आपला सर्व्हर यातला कोणता, हे आजच पाहून तारीख भिंतीवर लिहावी. मुदत संपलेल्या सिस्टीमला ठिगळ मिळत नाही, मग कितीही काळजी घेतली तरी भोक ते भोकच.

दिवस कोणता निवडावा? पतसंस्थेत १ ते १० तारीख हप्ते भरायची गर्दी. मार्चअखेर तर नावच नको. महिन्याचा तिसरा रविवार बरा. शनिवारी तिन्ही शाखांत कागद लावावा की रविवारी अमुक वाजेपर्यंत काम बंद राहील. कोऱ्या छापील पावत्या बाजूला काढून ठेवाव्यात. दिल्लीच्या एम्समध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये खंडणीखोरांनी सर्व्हर बंद पाडले तेव्हा तेवढे मोठे इस्पितळ दोन आठवड्यांच्या आसपास हाताने लिहून चालवावे लागले. कागदाची लाज नसावी.

राहिली जबाबदारी. "बंद पडले तर तुझी" हे तोंडी वाक्य मला सर्वांत जास्त खटकले. कंत्राटावरची मुलगी, वयाने लहान, आपल्या घरातून त्या खुर्चीपर्यंत पोचलेली पहिलीच. काही झाले की बोट तिच्याकडेच वळणार. म्हणून तिने सगळे कागदावर आणावे. सर्व्हरवर कोणती सिस्टीम, शेवटचा अपडेट कधीचा, मुदत कधी संपते, काम केव्हा करायचे, किती वेळ लागेल, बिघडले तर मागे कसे यायचे. एक पानभर अर्ज, सेक्रेटरींच्या नावे, पोच घेऊन. होकार आला तर सही घ्यावी. नकार आला तर तोही अर्जावर लिहून मागावा. माझा अनुभव असा की नकार लेखी द्यायची वेळ आली की साहेब लोक विषय पुन्हा वाचतात. यंत्रापाशी एक वही ठेवावी आणि केलेले प्रत्येक काम तारीख-वेळेसह त्यात लिहावे. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावे लागते आणि यंत्राच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. हे वाक्य अर्जात घातले तर वजन पडेल.

आणि सेक्रेटरींना एक प्रश्न जरूर विचारावा, हिशेबाचा प्रोग्राम पुरवणारी कंपनी आपले सर्व्हर केव्हा अपडेट करते? ३१ जुलै २०२४ रोजी छोट्या बँकांना सेवा देणाऱ्या एका कंपनीच्या यंत्रणेत खंडणीखोर शिरले, आणि धोका पसरू नये म्हणून देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे पैसे देण्याघेण्याचे व्यवहार तात्पुरते तोडावे लागले. त्यांत सहकारी बँका होत्या, ग्रामीण बँका होत्या. दुसऱ्या दिवशी सेवा परत सुरू झाली. त्या बँकांनी आपली खोली कितीही झाडून ठेवली असेल, घाव शेजारच्या घरातून आला.

बंधू, दीड वर्षाचे साचलेले काम आहे, तेव्हा पहिला रविवार लांबेल. पाच-सहा तास धरून चालावे आणि शक्यतो पहिल्या खेपेला निम्मेच करावे, आधी चाचणीच्या यंत्रावर, मग खऱ्या. इमारतीत वॉचमन आणि संस्थेचा एक जुना कर्मचारी सोबत असल्याशिवाय तिने एकटीने तेथे बसू नये. रविवारच्या कामाची बदली रजा किंवा भत्ता अर्जातच मागून घ्यावा, मागाहून कोणी देत नाही. आणि सोमवारी तिला अर्धा तास लवकर डबा द्यावा. काउंटर उघडण्याआधी तिन्ही शाखांतून एकेक पावती छापून निघते का, हे तिला पाहायचे असेल.